पुढच्याच्या पाठीआड

तासगावकडच्या आमच्या गावापासून हायस्कूल सात किलोमीटर लांब. सकाळी जाताना काही वाटायचं नाही, पण संध्याकाळी परतताना वारा नेमका तोंडावर यायचा. मान खाली घालून पायडल मारत राहायचं, रस्ता काही सरायचा नाही. हंगामात मात्र चैन असायची. कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली गाठली की तिच्या मागे सायकल घालायची. उसाच्या मोळ्यांची ती भिंत पुढे आली की वारा एकदम बंद. पाचट उडून तोंडावर यायचं, डिझेलचा धूर नाकात जायचा, पण पाय असे फिरायचे जणू कुणी मागून ढकलतंय. मग ट्रॉली कारखान्याच्या रस्त्याला वळायची आणि गालावर थप्पड बसावी तसा वारा परत यायचा. (हे कुणी करू नये. ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि ती थांबायचं सांगून थांबत नाही. आमच्यातल्या एकाचे पुढचे दोन दात त्यातच गेले.)

व्यावसायिक सायकल शर्यत समजायला ट्रॉलीमागची ती शांत हवा आठवली तरी काम भागतं. बाकीची गुंतागुंत, म्हणजे डावपेच, मैत्री, फसवणूक, तीन आठवड्यांची भांडणं, सगळं त्या हवेतूनच निघतं.

टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली तीन आठवड्यांची, रोज एक टप्पा अशी शर्यत जुलैत असते. तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे दिवसाचा टप्पा आपल्याकडे साधारण रात्री नऊच्या सुमारास, ताटं वाढायच्या वेळी संपतो. आमच्या पुण्याच्या घरी माझ्यासोबत आत्या बसते. तिला सायकलशी काही देणंघेणं नव्हतं. हेलिकॉप्टरमधून दिसणारे किल्ले, सूर्यफुलांची शेतं आणि द्राक्षमळे बघायला ती बसायची. "यांच्या बागा एवढ्या बुटक्या कशा? मांडव नाही का घालत?" हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा मात्र वर्मावर बसला.

"अरे, हे दीडशे जण तासन्‌तास गठ्ठ्यानं चाललेत. कुणी कुणाच्या पुढं जायला बघत नाही. ही शर्यत आहे का वरात?"

नव्याने बघणाऱ्या प्रत्येकाला हेच वाटतं, आणि त्याचं उत्तर हवेच्या भावात आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. शिवाय हा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. वेग दुप्पट केला तर हवेचा रेटा चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी ताकद आठपट. म्हणजे २० वरून २५ वर जायला जेवढं जास्तीचं बळ लागतं, त्याच्या साडेतीन पट ४० वरून ४५ वर जायला लागतं. आता कुणाच्या तरी मागे, चाकाला चाक लावून गेलात तर यातला पाव ते तिसरा हिस्सा वाचतो. मोठ्या घोळक्याच्या पोटात शिरलात तर मजाच. बर्ट ब्लॉकेन नावाच्या संशोधकाने २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. आतल्या सुरक्षित जागांवर हवेचा रेटा एकट्याने जाणाऱ्याच्या तुलनेत फक्त पाच ते दहा टक्के भरला. पुढे दोघं-चौघं घाम गाळताहेत आणि आतला माणूस त्याच वेगाने जात शेजाऱ्याशी गप्पा मारतोय, याचं कारण हे.

या घोळक्याला फ्रेंचमध्ये पेलोटॉन म्हणतात. त्याच्यामुळे हा खेळ बाकी शर्यतींहून वेगळा पडतो. शंभर मीटर धावण्यात शेजारच्या पट्टीतल्या माणसाचा तुम्हाला काही उपयोग नसतो. इथे मात्र ज्याला हरवायचंय त्याचीच पाठ तुम्हाला हवी असते, आणि त्याला तुमची. जो पुढे राहतो तो सगळ्यांचा वारा खातो आणि शेवटी दमून हरतो. त्यामुळे पुढे कुणी राहायचं, किती वेळ आणि कशाच्या बदल्यात, यावरून दिवसभर घासाघीस चालते. ती बोलून होत नाही. कोपर हलवून 'आता तू ये' म्हणायचं, मान वळवून मागे बघायचं, मुद्दाम पायडल थांबवायचं, अशी ती भाषा.

पळालेल्या गटात ही घासाघीस सगळ्यात स्वच्छ दिसते. टप्पा सुटला की चार-पाच जण घोळक्यातून निसटतात. घोळका त्यांना लगेच पकडत नाही, पतंगाला ढील द्यावी तशी दोन-चार मिनिटांची ढील देतो. पुढे ते पाच जण आळीपाळीने वारा खातात, एक जण अर्धं मिनिट पुढे, मग बाजूला होऊन मागे, मग दुसरा. मी हे समजावत होतो तेव्हा आत्या म्हणाली, "म्हणजे भिशीच की." तेव्हापासून मी सगळ्यांना असंच सांगतो. प्रत्येक जण आपला हप्ता भरतो आणि म्हणून पाचही जणांचं चालतं. फरक एवढाच की या भिशीची रक्कम शेवटी एकालाच मिळते आणि ते पाचही जणांना पहिल्या हप्त्यापासून माहीत असतं.

म्हणून शेवटचे दहा किलोमीटर आले की भिशी फुटते. कुणी हप्ता चुकवायला लागतो, दमल्याचं सोंग करतो, तोंड वाकडं करतो, पाय झटकतो. दुसऱ्याला ते सोंग आहे हे कळतं, पण त्याने एकट्याने वारा खाल्ला तर तोच मरणार. कधीकधी दोघं-तिघं एकमेकांकडे बघत इतके हळू होतात की मागून घोळका येऊन सगळ्यांना गिळून टाकतो. जिंकू शकणारे तिघं, आणि केवळ 'तू हरावंस' या एका इच्छेपायी तिघंही हरतात. वाटणीच्या दाव्यापायी शेत पडीक ठेवणारे भाऊ ज्याने पाहिलेत त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

घोळका पळालेल्यांना धरतो तो ठरवून, उशिरा. रोबेर शापात हे एके काळचे सायकलस्वार, पुढे टीव्हीवर समालोचन करायचे. त्यांच्या नावाने एक ठोकताळा चालतो: एक मिनिटाची आघाडी मोडायला घोळक्याला साधारण १० किलोमीटर लागतात. तीन मिनिटं पुढे असलेल्याला तीस किलोमीटर आधीपासून ओढायला लागलं म्हणजे झालं. फार लवकर पकडलं तर नवे लोक पळतात, पुन्हा डोकेदुखी. मग हे रोज पळतात कशाला? एक तर तेवढे तास प्रायोजकाचं नाव टीव्हीवर दिसतं. आणि दुसरं म्हणजे कधीतरी घोळक्याचा हिशेब चुकतो.

तो कसा चुकतो हे बघायचं असेल तर टोकियो ऑलिंपिकमधली महिलांची शर्यत बघा. २५ जुलै २०२१, १३७ किलोमीटर. ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर शर्यतीचा झेंडा पडल्या पडल्या पळाली. ही गणितातली पीएच.डी., विद्यापीठात संशोधन करणारी बाई. कुठल्याही व्यावसायिक संघाशी तिचा तेव्हा करार नव्हता. आहार, सराव, शर्यतीचं नियोजन सगळं तिचं तिने केलेलं. तिच्यासोबत चौघी निघाल्या. घोळक्यात नेदरलँड्सच्या चार जणी होत्या, त्या काळातल्या जगातल्या सर्वांत तगड्या. त्यांनी ढील दिली आणि पळालेल्यांची आघाडी दहा मिनिटांच्या वर गेली. बाकीच्या देशांनी विचार केला की ओढायचं काम डच करतील, त्यांचाच घोडा जिंकणार आहे. डच म्हणाल्या, आम्हीच का? इकडे पुढच्या पाचांपैकी दोघी गळाल्या, आणि साधारण ४० किलोमीटर राहिले असताना कीझनहोफर उरलेल्या दोघींनाही सोडून एकटी निघाली.

ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ लावायला परवानगी नसते. व्यावसायिक शर्यतींत संघाची गाडी मागून सतत सांगत असते, कोण पुढे, किती पुढे. इथे तसं काही नाही. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये घोळक्याने त्या दोघींना धरलं आणि बहुतेकींना वाटलं, झाले सगळे गोळा. नेदरलँड्सची आनेमीक व्हान फ्ल्यूटन शेवटी सुसाट निघाली आणि तिने दोन्ही हात वर करून, हसत रेषा ओलांडली. सव्वा मिनिट आधी कीझनहोफर तिथे पोचून, सायकलवरून उतरून, रस्त्यावर आडवी पडलेली होती. व्हान फ्ल्यूटनला रुपेरी पदक आहे हे तिला रेषेनंतर कळलं. त्या क्षणाचा तिचा चेहरा मला बघवत नाही आणि तरी मी तो चार-पाचदा पाहिला आहे.

आता घरगड्यांकडे येऊ. हा शब्द मी उगाच वापरत नाही. संघातल्या मदतनिसाला फ्रेंचमध्ये दोमेस्तिक म्हणतात, म्हणजे शब्दशः घरगडीच. टूरमध्ये एका संघात आठ जण असतात आणि त्यातले सहा-सात बहुतेक दिवस दुसऱ्यासाठी मरतात. मागे गाडीपर्यंत जायचं, पाण्याच्या सहा-आठ बाटल्या जर्सीत पाठीवर कोंबायच्या, पोक काढल्यासारखं दिसत पुन्हा पुढे यायचं, वाटायच्या. नेत्याचं चाक फुटलं तर स्वतःचं काढून द्यायचं. आणि मुख्य म्हणजे त्याच्यापुढे राहून वारा खायचा. (खाण्यावरून आठवलं, यांच्या खिशात भाताच्या वड्या असतात. शिजवलेला चिकट भात दाबून, कापून, कागदात गुंडाळलेल्या. पाच तासांच्या कामाला भातच उपयोगी पडतो हे फ्रान्सला पटलंय, आमच्या जिमवाल्याला नाही.)

धावपटूंसारखे शेवटी सुसाटणारे जे स्प्रिंटर असतात, त्यांना तर हे गडी दिवसभर काचेच्या भांड्यासारखे नेतात. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये एकामागे एक रांग लावतात, पुढचा जळून संपला की बाजूला होतो, मग दुसरा, आणि अखेरच्या २०० मीटरला स्प्रिंटर पहिल्यांदा वाऱ्यात तोंड काढतो. पाच तासांची शर्यत आणि त्याचं स्वतःचं काम दहा-बारा सेकंदांचं. मार्क कॅव्हेंडिशने ही दहा-बारा सेकंदं अशी साधली की २०२४ मध्ये टूरमधला ३५ वा टप्पा जिंकून त्याने बेल्जियमचा जुना दिग्गज एडी मर्क्स याचा ३४ चा विक्रम मोडला.

पण घरगड्याचं काम पुरतं बघायचं तर २१ जुलै २०२२ चा टप्पा. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला नंबर, डेन्मार्कच्या योनास विंगेगार्डकडे. मागे स्लोव्हेनियाचा तादेइ पोगाचार, आधीची दोन वर्षं टूर जिंकलेला. स्पांदेलचा घाट उतरताना पोगाचार जीव धोक्यात घालून विंगेगार्डला झटकायला बघत होता. आधी विंगेगार्ड पडता पडता वाचला. पुढच्याच एका वळणावर पोगाचार रस्त्याकडेच्या खडीवर गेला आणि घसरला. डावी मांडी सोलून निघाली. विंगेगार्डला निघून जाता आलं असतं. तो थांबल्यासारखा हळू झाला, मागे वळून बघत राहिला. पोगाचार आला, काही न बोलता त्याने हात पुढे केला, दोघांनी चालत्या सायकलवर हात मिळवला. आत्याने त्या वेळी ताट खाली ठेवलं होतं, एवढं मला आठवतंय.

आणि मग ओताकामचा चढ. इथे कुणी दयामाया दाखवली नाही. विंगेगार्डच्या संघातला वाउट व्हान आर्ट टप्पा सुटल्यापासून पळालेल्या गटात होता. दिवसभर पुढे राहूनही तो त्या चढावर नेत्यापुढे आला आणि असा काही वेग लावला की पोगाचारच्या सायकलचं पुढचं चाक विंगेगार्डच्या मागच्या चाकापासून हळूहळू सुटत गेलं, आधी वीतभर, मग हातभर, मग सायकलभर. धिप्पाड व्हान आर्ट काही घाटातला माणूस नव्हे. त्याच्या अंगावर हिरवी जर्सी होती, जी मुख्यतः सपाटीवर सुसाटणाऱ्यांना मिळते. टप्पा विंगेगार्डने जिंकला, टूरही. मी ज्याला ही शर्यत दाखवतो त्याला तो वीतभर फरक पडतानाचा क्षण थांबवून दाखवतो. वीतभर गेलं की पाठ गेली, आणि पाठ गेली की वाऱ्याची सगळी बिलं एकदम येतात.

सपाटीवर हीच गोष्ट वारा बाजूने लागला की होते. मग आडोसा सरळ मागे मिळत नाही, तिरका मिळतो. दहा-बारा जण रस्त्याच्या रुंदीभर तिरकी रांग लावतात, रस्ता तिथे संपतो, आणि उरलेले शंभर जण कडेच्या गटाराला लागून एकामागे एक वाऱ्यात तडफडतात. दोन मिनिटांत घोळक्याचे चार तुकडे. २०२० च्या टूरमध्ये लाव्होरच्या टप्प्यावर पोगाचार अशाच मागच्या तुकड्यात सापडला आणि एक मिनिट २१ सेकंद घालवून बसला.

त्याच टूरच्या शेवटच्या आदल्या दिवशी पिवळी जर्सी त्याच्याच देशाच्या प्रिमोझ रोग्लिचकडे होती, ५७ सेकंदांच्या आघाडीने. रोग्लिचचा संघ पोलादी. जवळजवळ सगळी शर्यत त्यांनी त्याला पाठीआड झाकून आणलेलं. पण तो दिवस ३६ किलोमीटरच्या टाइम ट्रायलचा होता. एकेकाने सुटायचं, घड्याळाशी शर्यत, कुणाची पाठ नाही. रोग्लिचचं हेल्मेट डोक्यावर वाकडं झालं, पाय चौकोनी फिरायला लागले. पोगाचार २२ चाही पूर्ण नव्हता. त्याने एका दिवसात जवळपास दोन मिनिटं काढली आणि टूर ५९ सेकंदांनी जिंकली. लाव्होरला वाऱ्यात गमावलं होतं त्याहून कमी फरकाने.

एक गोष्ट लपवून हा खेळ कुणाला दाखवू नये. अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ मधली सातही विजेतेपदं उत्तेजकांमुळे २०१२ मध्ये काढून घेतली गेली, आणि त्या काळातला तो एकटा नव्हता. आजही कुणी फारच सहज चढ चढला की मी आणि आत्या एकमेकांकडे बघतो. सगळ्यांवर संशय घ्यायचा नाही आणि सगळ्यांवर विश्वासही ठेवायचा नाही, अशी आमची तडजोड आहे.

घाट आला की मात्र वाऱ्याचं गणित बरंचसं मागे पडतं. चढावर वेग विसाच्या आसपास येतो, हवेचा भाव पडतो आणि ज्याच्या त्याच्या वजनाचा हिशेब सुरू होतो. टूरमधल्या आल्प दुएझ या प्रसिद्ध घाटाच्या २१ वळणांवर लोक दोन-दोन दिवस आधी मुक्कामाला येतात. तिकीट नाही, कठडा नाही, खेळाडू हातभर अंतरावरून जातो. चढाच्या बादशहाला टूरमध्ये पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. आपल्या मुंबई–पुणे शर्यतीत खोपोलीहून लोणावळ्याला बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत आले आहेत. ठिपक्यांपेक्षा मला हे नाव भारी वाटतं.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, परदेशी संघांसह, टप्प्याटप्प्यांची. मी आत्याला घेऊन शहराबाहेरच्या एका रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. तास-दीड तास वाट बघितली. आधी पोलिसांच्या मोटरसायकली, मग गाड्या, मग बराच वेळ काहीच नाही. मग लांबून मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज आला, साखळ्यांचा आणि टायरांचा. रंग दिसले, आणि रंग गेले. दहा सेकंद असतील. त्यांच्या मागून त्यांनी ढकललेला वारा आला, आत्याचा पदर उडाला, धूळ दोघांच्याही डोळ्यांत गेली.

"कोण पुढं होतं रे?"

"काही कळलं नाही."

"बरं," ती डोळे पुसत म्हणाली, "घरी जाऊन बघू, हप्ता कुणी बुडवला ते."